रानात लावलेल्या कॅमेऱ्याला वीज कशी पुरवावी

उसाच्या फडाच्या कडेला किंवा ओढ्याकाठी लावलेला कॅमेरा ट्रॅप (समोरून प्राणी गेला की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा) विजेअभावी बंद पडतो तो बहुधा रात्री, कारण अंधारात चित्र टिपताना इन्फ्रारेड दिवे एकदम मोठा प्रवाह ओढतात आणि थकलेल्या सेलचे व्होल्टेज त्या क्षणी कोसळते. दिवसाचे फोटो येतात आणि रात्रीचे येत नाहीत, तेव्हा आधी सेलवर संशय घ्यावा.

प्रथम गरज ठरवावी. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील प्रवाहाचे आकडे पाहावेत आणि रोज साधारण किती चित्रे निघतील याचा अंदाज घ्यावा. रात्रीचे व्हिडिओ व मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणे हे सर्वाधिक खर्चाचे. समजा, १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याचा रोजचा खर्च १०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ०.१ अँपिअर-तास निघाला.

त्यानंतर सेल निवडावेत. साधे अल्कलाइन सेल स्वस्त असले तरी त्यांचे व्होल्टेज सतत उतरत जाते. एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेल महाग पडतात, पण अखेरपर्यंत जवळपास सारखेच व्होल्टेज देतात. चार्ज करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे आठ सेलच्या जोडणीत १२ ऐवजी ९.६ व्होल्टच मिळतात. ते चालतील का, हे माहितीपत्रकात पाहूनच घ्यावेत. जुने आणि नवे सेल कधीही एकत्र घालू नयेत.

कॅमेऱ्याला बाहेरून वीज घेण्याची सोय असेल, तर यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी सोयीची ठरते. ती निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, म्हणजे वरच्या हिशेबाने सुमारे ३५ दिवस निघतात. प्लगचे धन-ऋण टोक तपासावे, बॅटरीजवळच फ्यूज लावावा आणि वायरला कॅमेऱ्याखाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरवरून आत न जाता झोलाच्या तळाशी गळून पडते. वानरे लोंबती वायर हमखास ओढतात, म्हणून झोल लहान ठेवून उरलेली वायर खोडाला घट्ट बांधावी.

सौर पॅनेलचा विचार सर्वांत शेवटी करावा. ५ वॉटचे पॅनेल ४ तासांच्या चांगल्या उन्हात २० वॉट-तास देते आणि रोजची गरज जेमतेम १.२ वॉट-तासांची, त्यामुळे कागदावर हे फार सोपे दिसते. मात्र पॅनेलमधील सेल एकामागून एक जोडलेले असल्याने एखाद्या फांदीची सावलीही सगळा प्रवाह रोखू शकते. सह्याद्रीच्या दाट झाडीत म्हणूनच मोठी बॅटरी बरी. बांधावर मोकळे आकाश असेल, तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंशांत कलते ठेवावे, बॅटरी आणि पॅनेल यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊ न देणारे उपकरण) जोडावा आणि पावसाळ्यातील ढगाळ दिवस धरून बॅटरी किमान दहा दिवस एकटी पुरेल एवढी घ्यावी.

कॅमेरा राखीव वनात किंवा अभयारण्यात लावायचा असेल, तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. जागा सोडण्यापूर्वी अंधारात कॅमेऱ्यासमोरून चालून एक चित्र तपासावे. पुढच्या फेरीत पॅनेल व कॅमेरा सोडवून, बॅटरी काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावावा, १२.७ च्या आसपास असलेली भरलेली बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली, म्हणजे निम्म्याहून अधिक उतरली असेल, तर तिच्या जागी चार्ज केलेली बॅटरी लावावी.