होमगार्डना शिकवण्याआधी त्यांना करून बघू द्या

लातूर जिल्ह्यात होमगार्डच्या तुकड्यांना मी आपत्कालीन प्रशिक्षण देतो. पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहीत नाही. प्रत्येकाच्या हातात आग विझवायचा सिलिंडर देतो आणि म्हणतो, "चालवा." बरेच जण पिन न काढताच दांडा दाबत बसतात. सिलिंडरवरच्या, आतला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे कुणी बघतच नाही. तो हिरव्या पट्ट्यात हवा. मारा ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी करायचा. कोण कुठं अडतं ते वहीत नावानिशी लिहा आणि तेवढंच शिकवा.

सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवायला, मात्र भरपूर वेळ द्या. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, कोपरं ताठ, दाब ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दम लागतो, कोपरं वाकायला लागतात, म्हणून दाबायचं काम जोडीदाराकडे द्यायची सवय सरावाच्या पुतळ्यावरच लावा.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, माणसं झोपेत होती. म्हणून एक सराव मी अंधारातच घेतो: हाक मारा, मग सगळे गप्प, ढिगाऱ्यातून आवाज येतो का ते ऐका. तीन महिन्यांनी, न सांगता, पुन्हा तपासा.