पेल एल चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे

बहुतेक लोक पेल एल (फिकट माल्टची, हॉपच्या वासाची कडवट बिअर) नाकाने पास करून टाकतात. ग्लासाजवळ नाक नेलं, संत्र्याच्या सालीचा किंवा पाइनच्या झाडाचा घमघमाट आला, की ‘वा, काय बिअर आहे’ म्हणून मोकळे. पण नुसता घमघमाट आणणं ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, फारसं जड जात नाही. आंबवून झालेल्या बिअरमध्ये हॉप (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) सढळ हाताने टाकले की वास येतोच. कस लागतो तो पुढे. घोट गिळल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात तोंडात काय उरतं, यावरून कळतं की ब्रुअरचा हात कसलेला आहे की नाही. मी निकाल तिथेच लावतो. म्हणून बाकीच्या पायऱ्या इथे भराभर उरकतो आणि त्या अर्ध्या मिनिटापाशी थांबतो.

मांडामांड

ताजी बिअर घ्या. तारीख बघून घ्या. पेल एल मुरवत ठेवायची वस्तू नाही. आधी हॉपचा वास ओसरतो, मग कडवटपणाची धार जाते आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली बिअर उजेडात पडून असेल तर चाखण्याचे कष्टही घेऊ नका. हॉपमधून आलेल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की त्यातून गंधकाचा एक उग्र, नाक मुरडायला लावणारा वास तयार होतो. तपकिरी काच बराच बचाव करते, कॅन पूर्ण.

बिअर ७ ते १० अंश सेल्सिअसला ओता. बर्फाने पांढरा झालेला मग हा सगळ्यात वाईट सल्ला. त्यात वासही मरतो आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवाही, आणि एकटा कडवटपणा पुढे येऊन उभा राहतो. तोंडाला थोडा आत वळलेला ग्लास घ्या, वाइनचा चालेल. तो स्वच्छ आहे का हे बघायला आतून ओला करा. पाणी सलग पापुद्र्यासारखं खाली उतरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन चिकटून राहिलं तर काचेवर तेलकट थर किंवा साबण राहिलाय. मग फेस बसला तर दोष बिअरला देऊ नका.

अत्तर, कॉफी, नुकतेच घासलेले दात हे सगळं टाळा. जवळ साधं पाणी आणि साधा पाव ठेवा. आणि लेबल झाका.

लेबल झाकायचं मुख्य कारण म्हणजे त्यावरचा आयबीयूचा आकडा. लिटरमागे साधारण किती मिलिग्रॅम कडू घटक आहेत, एवढंच तो सांगतो. ४० आयबीयूची बिअर माल्टने भरलेली असेल तर सौम्य लागते आणि हलकी, कोरडी असेल तर चांगलीच कडू. पण आकडा एकदा वाचला की जीभ तोच शोधत बसते.

मोजपट्टी कोणती

पेल एलकडून काय अपेक्षित आहे हे ठरवल्याशिवाय गुण देऊ नका. इंग्लिश घराण्याचा उगम बर्टन अपॉन ट्रेंटभोवतीचा. तिथलं पाणी जिप्समयुक्त, त्यातल्या सल्फेटमुळे कडवटपणा कोरडा आणि रेखीव लागतो. त्या वळणाच्या बिअरमध्ये बिस्किटासारखा माल्ट असतो, हॉप मातकट किंवा फुलांकडे झुकणारे. अमेरिकन पेल एल वेगळी. १९७२ साली कॅस्केड हा हॉप लागवडीसाठी बाहेर आला, त्याच्या वासात ग्रेपफ्रूट आणि फुलं. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडा या ब्रुअरीने याच हॉपवर आपली पेल एल उभी केली, आणि आज ‘क्राफ्ट पेल एल’ म्हटल्यावर जी चव डोक्यात येते ती बऱ्याच अंशी तिथून आलेली आहे. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत अमेरिकन पेल एलसाठी ढोबळ चौकट अशी: अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के, कडवटपणा ३० ते ५० आयबीयू.

‘आयपीएसारखी (इंडिया पेल एल, हॉप आणि कडवटपणा जास्त असलेली बिअर) धडक बसली नाही’ म्हणून पेल एलचे गुण कापणारे परीक्षक मी पाहिलेत. त्यांना खुशाल आयपीएच्या टेबलावर बसवावं. पेल एलमध्ये माल्ट दिसायलाच हवा.

ओता, बघा, हुंगा

रंग फिकट सोनेरी ते हलका तांबूस, फेस पांढरा आणि टिकाऊ. किंचित धूसरपणा चालतो.

वास ओतल्याबरोबर घ्यायचा. एक खोल श्वास ओढत बसू नका. दोन-तीन छोटे हुंगे, मग थांबा, मग पुन्हा. नाक फार लवकर सरावतं. जे पहिलं सुचेल ते कागदावर लिहा आणि शेजाऱ्याला विचारण्याआधी लिहा. वासांची नावं छापलेली ती गोल चक्रं पाठ करण्यात काही हशील नाही. फळाचं नेमकं नाव नाही सापडलं तरी बिघडत नाही, पण चार दोष ओळखता आलेच पाहिजेत: लोणी, उकडलेला मका, कच्चं हिरवं सफरचंद आणि पुठ्ठा. लोणी आणि सफरचंद आलं तर यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळाला नसावा. मका आला तर उकळीत किंवा नंतर गार करण्यात कसूर. पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागली.

आता घोट

मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. कारण साधं आहे: कडू चव उशिरा येते. गोडवा जिभेला लगेच कळतो, कडवटपणा हळूहळू चढतो, गिळल्यानंतर शिगेला पोहोचतो आणि रेंगाळतो. बिअर तोंडात असतानाच जो मत देतो तो माल्टला आणि वायूला गुण देत असतो. कडवटपणा अजून यायचाय.

पहिला घोट फक्त तोंड धुवायला. त्यावर काहीही लिहू नका. दुसरा घोट बेताचा, जिभेवर सगळीकडे फिरवून घ्या, गिळा, तोंड बंद ठेवा आणि श्वास नाकातून सोडा. घशाकडून नाकात येणारा वास इथे कळतो, आणि ग्लासात हुंगलेल्या वासापेक्षा तो बरेचदा वेगळा असतो. वाइनवाल्यांसारखी बिअर थुंकू नका. गिळल्यानंतरचं तर बघायचंय. ‘कडू चव जिभेच्या मागच्या भागालाच कळते, म्हणून गिळायचं’ असं कारण मात्र कुणी सांगितलं तर सोडून द्या. जिभेच्या नकाशाची ती गोष्ट १९०१ सालच्या एका जर्मन प्रबंधाच्या चुकीच्या वाचनातून पसरली. कडू चव जिभेवर सगळीकडे कळते.

आता मनात आकडे मोजा.

पाचपर्यंत: कडवटपणा चढतोय. तो गोलसर आहे की टोकदार? त्याच्यामागे माल्ट अजून दिसतोय का?

पंधराच्या आसपास: उतार लागला पाहिजे. चांगल्या पेल एलमध्ये इथे माल्ट पुन्हा डोकं वर काढतो, पावाची कड, बिस्किट, कधी हलकं कॅरमल. हे माल्टचं परतणं मी सगळ्यात आधी शोधतो.

तीसला: तोंड बऱ्यापैकी मोकळं, थोडा कडू ठसा, आणि हात आपसूक ग्लासाकडे. याउलट औषधाची गोळी जिभेवर विरघळल्यासारखं काही चिकटून बसलं असेल, किंवा तोंड कोरडं पडलं असेल, तर काहीतरी बिनसलंय.

काय बिनसलंय, हा खरा गुंता. कारण तोंडाला बोचणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लोक ‘कडू’ म्हणून टाकतात, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी कडू नसतात.

पहिला संशयित वायू. कार्बन डायऑक्साइड जिभेला चावतो, आणि थंड, फसफसत्या बिअरमध्ये तो चावा सहज कडवटपणा म्हणून खपतो. थोडी बिअर दुसऱ्या ग्लासात घेऊन जोरात घुसळा, वायू उडू द्या, मग चाखा. बोच नाहीशी झाली तर प्रश्न वायूचा होता. या एका कृतीने जेवढे वाद मिटलेत, तेवढे दुसऱ्या कशाने मिटलेले मला आठवत नाहीत.

दुसरा अल्कोहोल. तो घशाखाली ऊब देतो. पाच-साडेपाच टक्क्यांच्या पेल एलमध्ये ही ऊब जाणवायलाच नको.

तिसरा, आणि सगळ्यात जास्त फसवणारा, तुरटपणा. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श. माल्टच्या टरफलातले किंवा हॉपच्या पानातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात, तोंडाचं वंगण जातं आणि कातडी आवळल्यासारखं होतं. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने होतं तसं. ओळखायची युक्ती अशी: गिळून दहा सेकंद झाल्यावर जीभ वरच्या दातांच्या मागे, हिरडीवर घासा. सुळकन सरकली तर जे काही आहे ते निव्वळ कडू. अडखळली, खरखर लागली, तर तुरट. तुरटपणा घोटागणिक साचतो, म्हणून शंका असेल तर चौथ्या घोटापर्यंत थांबा. पहिल्या घोटाला ‘कुरकुरीत, छान’ वाटलेली बिअर चौथ्या घोटाला तोंडाला चुना लावल्यासारखी होते, आणि पुरा ग्लास पिणाऱ्याच्या वाट्याला तर तेच येणार असतं. अशा बिअरला माझ्याकडून दयामाया नाही. जवाच्या चोथ्यावरून फार गरम किंवा अल्कधर्मी पाणी धुऊन काढलं की टरफलाचे टॅनिन उतरतात. काळजी घेतली तर हे टाळता येतं.

चौथा संशयित हल्ली वाढलाय. ताज्या, धूसर, हॉप ओतून भरलेल्या बिअरमध्ये हॉपचे बारीक कण तरंगत राहतात आणि घशात टोचतात, जळजळल्यासारखं वाटतं. काही दिवस थंड उभी ठेवली की कण खाली बसतात आणि बिअर सुधारते. पण परीक्षणाला समोर आलेल्या ग्लासाचेच गुण द्यायचे, पुढच्या पंधरवड्यातल्या ग्लासाचे नाहीत.

हे चौघे वगळून जे उरतं तो हॉपचा कडवटपणा. उकळताना हॉपमधल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं, त्यातून तो येतो. त्याचं प्रमाण मोजायच्या फंदात पडू नका. कडू चवीची संवेदना माणसागणिक जन्मतःच वेगळी असते, त्यामुळे ‘फार कडू’ या शेऱ्यातून वाचणाऱ्याला तुमच्या जिभेची माहिती मिळते, बिअरची नाही. चढ कसा, उतार कसा, माल्ट परतला का, हे लिहा. ‘जेवढी कडू तेवढी अस्सल’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मी आता वेळ घालवत नाही.

आकडे मांडताना

स्पर्धांमध्ये प्रचलित असलेली बीजेसीपीची ५० गुणांची पत्रिका पुरेशी आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. तुरटपणाचे गुण स्पर्शातून कापा, चवीतून पुन्हा कापू नका. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा देण्याची सवय नवख्यांना फार असते. एकूण परिणामाचे दहा गुण मात्र सगळ्यात शेवटी, ग्लास १२-१३ अंशांपर्यंत कोमट झाल्यावर द्या. थंडीने झाकलेलं लोणी आणि मका तेव्हा उघडे पडतात.

गिळायचंच असल्याने एका बैठकीत चार नमुने, प्रत्येकी शंभर मिलिलिटरच्या आत. नंतर गाडी चालवायची असेल तर हा उद्योग त्या दिवशी करूच नका. कमी कडूपासून जास्त कडूकडे जा, आणि चौथा नमुना संपल्यावर पाणी पिऊन पहिल्याकडे परत या. पहिल्या बिअरवर अन्याय ठरलेला असतो. ताज्या जिभेला ती आहे त्याहून जास्त कडू लागते.

हात बसवायचा असेल तर तीन ग्लासांचा खेळ खेळा. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात तिच्या जवळची दुसरी. कुणाला तरी ग्लासांची अदलाबदल करायला सांगा आणि वेगळा कोणता ते ओळखा. मोठमोठी वर्णनं करणारे इथे हमखास गप्प होतात.

आणि एखाद्या बिअरमध्ये दोष सापडला, तर तिला नापास करण्याआधी त्याच खेपेची दुसरी बाटली उघडा. पुठ्ठा आणि उग्र वास बाटलीगणिक बदलू शकतात, कारण एखादी बाटली उन्हात पडलेली असते, एखाद्या झाकणातून हवा गेलेली असते. तुरटपणाचं तसं नसतं, तो भट्टीतूनच आलेला असतो. दोन्ही बाटल्यांत जीभ हिरडीवर तशीच अडखळली, तर आधी कापलेले गुण तसेच राहू द्या.