दुसऱ्या कॉलेजातून आलेली पॉइंट गार्ड कशी पारखावी

बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे आणून खेळ मांडणारी ती पॉइंट गार्ड. अशी मुलगी बाहेरून आली की आधी तिचे कागद क्रीडा संचालकांच्या टेबलावर जाऊ द्या. विद्यापीठ बदललं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, वय, शिक्षणात पडलेला खंड, हे सगळं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या नियमांत बसतंय का, ते कळल्याशिवाय तिला आशा लावू नका.

मी फोंड्यात मुलींचा संघ घेते. प्रवेश सुरू झाले की बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडी अशा कुठून तरी एखादी मुलगी येते आणि मोबाइलमधली क्लिप दाखवते. पाठीमागून ड्रिबल (चेंडू आपटत नेणं), लांबून थ्री (तीन गुणांचा शॉट), टाळ्या. क्लिप मनापासून पाहा, कारण त्यामागे तिची मेहनत असते. मग तिच्याकडे एक पूर्ण मॅच मागा, शक्यतो हरलेली आणि पूर्ण कोर्टावर प्रेस (चेंडू वर आणू न देणारा समोरच्यांचा दबाव) झेललेली. संघ दहाने मागे असताना ती काय करते, ते क्लिपमध्ये कधीच नसतं.

पॉइंट गार्डचे आकडे तिच्या एकटीचे नसतात, हे मला सगळ्या कोचना कळकळीने सांगायचं आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दरवर्षी ढिगाने खेळाडू संघ बदलतात, त्यामुळे तिथे हे लख्ख दिसतं. हेली व्हॅन लिथ ही गार्ड लुइव्हिल विद्यापीठाकडून मॅचमागे जवळपास 20 गुण करायची. 2023 मध्ये ती एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) गेली. तिथे स्वतःचा शॉट शोधणाऱ्या मुलीला चेंडू वर आणून वाटण्याचं काम मिळालं, आणि गुण 12 च्या आत आले. ही संपली, असं बोलणारे तेव्हा खूप होते. पुढच्याच वर्षी ती टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) गेली. तिथे पिक अँड रोलवर (सहकारी डिफेंडरच्या वाटेत उभी राहून स्क्रीन लावते आणि मग बास्केटकडे वळते) सगळा खेळ तिच्या हाती दिला, स्क्रीन लावायला उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारी) होती. गुण पुन्हा 18 च्या आसपास, वर पाचेक असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतं असे पास), आणि संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत.

आता पॉइंट गार्ड जॉर्जिया अमूर बघा. 2024 मध्ये ती व्हर्जिनिया टेकहून केंटकीला गेली आणि तिचे आकडे जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. तिच्यासोबत कोच केनी ब्रूक्सही केंटकीला गेले होते. सेंटर क्लारा स्ट्रॅकसुद्धा तिकडेच गेली. म्हणजे खेळाची पद्धतच मुलीबरोबर नव्या जागी पोहोचली. आपल्याकडे येणाऱ्या मुलीला ही सोय नसते. म्हणून तिला विचारा: तुमच्या संघात स्क्रीन कोण लावायचं? बाहेरून शॉट कोण टाकायचं? चेंडू तुझ्या हातात किती वेळ असायचा? कोच काय ओरडायचे? तिच्या उत्तरांतून जुना संघ उभा राहतो, आणि त्यातलं तिचं स्वतःचं किती ते दिसू लागतं.

आपल्याकडे कॉलेजच्या मॅचचे तयार आकडे मिळत नाहीत. वही घ्या आणि व्हिडिओ थांबवत थांबवत स्वतः मोजा. नुसते असिस्ट मोजू नका. असिस्ट व्हायला समोरच्या मुलीने बास्केट करावं लागतं, आणि तिचा शॉट चुकला यात पास देणारीचा दोष नाही. जिच्यामुळे मोकळा शॉट मिळाला असा प्रत्येक पास लिहा, चेंडू आत पडो न पडो.

टर्नओव्हरचं, म्हणजे शॉट न टाकताच चेंडू गमावण्याचं, गणित असं. टर्नओव्हर भागिले (टाकलेले शॉट + 0.44 गुणिले फ्री थ्रो + टर्नओव्हर). बहुतेक वेळा दोन फ्री थ्रो मिळून एकच पझेशन (चेंडू आपल्याकडे असण्याची एक पाळी) संपतं, कधी बास्केटबरोबर एक जादाचा मिळतो, म्हणून 0.5 ऐवजी 0.44. समजा 12 शॉट, 5 फ्री थ्रो, 4 टर्नओव्हर. 4 भागिले 18.2, म्हणजे 22 टक्के. आकडा वाईट दिसतो. पण या सूत्रात पास देणारीवर अन्याय होतो, कारण तिने असिस्ट देऊन संपवलेली पझेशन्स त्यात येतच नाहीत. तिचे 6 असिस्ट खाली मिळवा: 4 भागिले 24.2, साडेसोळा टक्के. पॉइंट गार्डसाठी मी हाच आकडा धरते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे टर्नओव्हर कसला, ते बाजूला लिहा. पोस्टमध्ये (बास्केटजवळ) धावत घुसणाऱ्या मुलीला दिलेला धाडसी पास थोडक्यात हुकला, तर त्यात शिकवण्याजोगं काही आहे. बास्केटपासून लांब, आडवा टाकलेला आळशी पास हिसकावला गेला, तर समोरच्यांना फुकटचं लेअप मिळतं. असे एका मॅचमध्ये तीन दिसले तर मी सावध होते.

कोर्टावर घ्यायच्या आधी कुठल्या चेंडूने खेळत होतीस, हेही विचारा. मुलींचा चेंडू 6 नंबरचा, पण बऱ्याच ठिकाणी मुलांचा 7 नंबरचाच सगळ्यांना देतात. घेरात तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडतो. बदललेल्या चेंडूवर पहिल्या आठवड्यातला शॉट पारखू नये.

पहिल्या दिवशी ट्रॅप (दोघींचा घेराव) लावा. दोन चांगल्या डिफेंडर, आठ सेकंदांत अर्धा कोर्ट पार, आणि तिला मुद्दाम डाव्या हाताकडे ढकला. ती मागे सरकून जागा करते की पाठ फिरवते? पाठ फिरवली की पुढच्या तीन मुली तिला दिसेनाशा होतात.

दुसरी चाचणी पिक अँड रोलची. डिफेंडरना गुपचूप सांगून ठेवा: एकदा सेंटर मागे थांबेल, एकदा झेप घेऊन वर येईल, एकदा दोघी अदलाबदल करतील. तिला काही सांगू नका. मागे थांबली तर स्वतःचा शॉट किंवा आत मुसंडी, वर आली तर रोल करणारीला झटकन पास, अदलाबदल झाली तर बुटक्या डिफेंडरसमोर आलेल्या आपल्या सेंटरला पास. तिन्ही वाचणारी मुलगी कॉलेज पातळीवर क्वचित सापडते. दोन वाचत असेल तर तिला घ्या, तिसरं शिकवता येतं.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत प्रिय आहे. तिला राखीव मुलींबरोबर मुख्य पाचजणींविरुद्ध खेळवा आणि तिच्याकडे न बघता बाकीच्या चौघींकडे बघा. एरवी चेंडू हाताला न लागणारी मुलगी आता शॉट टाकतेय का? कोपऱ्यातली मुलगी गुडघे वाकवून तयार उभी आहे का? पास येणार असा भरवसा असला की मुली आपोआप तशा उभ्या राहतात. ते दिसलं तर पॉइंट गार्ड सापडली.

खेळ चालू असताना मध्येच विचारा: "आपले फाउल किती?" क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, रिंगला लागलेला चेंडू आपणच परत घेतला तर शॉट टाकायला 24 नव्हे 14 सेकंद असतात, दुसऱ्या हाफमध्ये टाइमआउट तीनच. हे तिला खेळता खेळता आठवलं पाहिजे.

गोव्यात हे सगळं भर पावसात करायचं असतं. हॉल मिळाला तर उत्तम. ओल्या सिमेंटवर कुणाचीही चाचणी घेऊ नका, कितीही घाई असो. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. उडी मारून खाली येताना तिचे गुडघे आत वळतात का ते नीट बघा, जुन्या दुखापती विचारा, आणि गुडघे वळत असतील तर आधी पायांच्या ताकदीचं काम सुरू करा. हवेतल्या दमटपणाने चेंडू निसरडा होतो, म्हणून थ्रीपेक्षा धावून दमल्यावरचे फ्री थ्रो मोजा.

आमच्या मुली कोर्टावर कोंकणीत ओरडतात. बेळगावहून आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात गोंधळते, ते साहजिक आहे. खेळींना आकडे आणि हाताच्या खुणा द्या. पण डिफेन्समध्ये ती स्वतः बोलते का, दुसऱ्या दिवशी मुलींना नावाने हाक मारते का, हे पाहायला भाषा लागत नाही.

जुन्या पॉइंट गार्डशी मात्र पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः बोला. तिला बाहेरून कळू देऊ नका. दोघींना काही दिवस एकत्र खेळवा, एकीला चेंडूशिवाय. निवड चतुर्थीच्या सुट्टीनंतर करा, कारण सगळ्या आपापल्या गावी जाऊन परत येतात तेव्हा कोण सराव ठेवून आली तेही कळतं. नवी निवडली तरी पहिल्या मॅचला सुरुवात जुनीने करू दे. नवीला दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाच-सहा मिनिटं द्या, समोरून प्रेस येत असताना, आणि वही उघडी ठेवा.