साइटमध्ये कोणीतरी घुसवलेल्या जाहिरातीच्या लिंका कशा शोधायच्या

माझ्या मामेभावाचा गुहागरजवळ होमस्टे आहे, त्याची छोटीशी वर्डप्रेस साइट मी बघतो. गणपतीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाने त्याला स्क्रीनशॉट पाठवला, गूगलवर होमस्टेचं नाव टाकलं की खाली ऑनलाइन कसिनो आणि झटपट कर्ज असलं काहीतरी येत होतं. साइट उघडून बघितली तर सगळं जागच्या जागी, अंगण, माड, खोल्यांचे दर. घरगुती माणसांचा धंदा नावावर चालतो हो, आणि त्या नावाला कसिनो चिकटला म्हणून तो बिचारा रात्रभर झोपला नाही.

तर पहिली गोष्ट ही समजून घ्या की या लिंका तुम्हाला दिसू नयेत म्हणूनच बनवलेल्या असतात. तुमच्या साइटची गूगलकडे जी पत आहे ती वापरून त्यांना स्वतःची साइट वर आणायची असते, आणि मालकाला जितका उशिरा पत्ता लागेल तितका त्यांचा फायदा. म्हणून बरेचदा कोड आधी बघतो की आलाय कोण. अॅडमिन लॉगिन असेल तर काहीच दाखवत नाही, गूगलबॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम असेल किंवा माणूस गूगलवरून क्लिक करून आला असेल तरच दाखवतो.

त्यामुळे आधी लॉगआउट करा, इनकॉग्निटो विंडो घ्या आणि पत्ता थेट टाइप न करता गूगलवरून क्लिक करून साइटवर जा. हे मोबाइल डेटावर दुसऱ्या फोनवरूनही करा, कारण कधीकधी साइट स्वच्छ असते आणि जाहिराती आपल्याच ब्राउझरमधलं एखादं एक्स्टेंशन घुसवत असतं, तसं असेल तर सर्व्हर उपसण्यात दिवस घालवू नका. मग गूगलमध्ये साइट हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन आणि मध्ये स्पेस न देता तुमचं डोमेन टाका, तुम्ही कधी न लिहिलेली पानं असतील तर तिथे दिसतात. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातलं यूआरएल इन्स्पेक्शन, त्यात लाइव्ह टेस्ट चालवा आणि तपासलेल्या पानाचं एचटीएमएल उघडा, गूगलच्या हातात नेमकं काय पडतंय ते तिथे कळतं. आमच्याकडे फूटरच्या वर एक डिव्ह, म्हणजे पानातला एक चौकोनी कप्पा होता, त्याची जागा डावीकडे उणे ९९९९ पिक्सेल, म्हणजे स्क्रीनच्या पार बाहेर, आणि आत लिंकांची रांग. दुसऱ्या साइट्सवर डिस्प्ले नन, म्हणजे दाखवूच नको, किंवा फॉन्ट साइज शून्य असंही असतं.

आता लगेच डिलीट करायला धावू नका. आधी आहे त्या अवस्थेत फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, आणि हॉस्टिंगच्या पॅनलमधून अॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्याची नोंदवही, उतरवून ठेवा, कारण ते थोडेच दिवस राहतात आणि घुसणारा कुठून आला याचा पुरावा तेवढाच असतो.

मग शोध. डेटाबेसमध्ये पीएचपीमायअॅडमिनमधून (डेटाबेस उघडून बघायचं साधन) सगळ्या टेबलांत लिंकमधलं डोमेन शोधा, पोस्ट्स आणि ऑप्शन्स ही दोन टेबलं नीट बघा, विजेटमधला मजकूरही ऑप्शन्समध्येच असतो. तिथे सापडलं नाही तर फाइलींकडे वळा, पण फाइलीत डोमेन उघड लिहिलेलं नसतं बहुतेक वेळा, त्याऐवजी eval, base64_decode, gzinflate हे शब्द शोधा, कोड लपवायला हीच फंक्शन्स वापरतात. हे शब्द चांगल्या प्लगिनमध्येही (साइटला जोडलेले जादा प्रोग्राम) असू शकतात त्यामुळे दिसला की उडवला असं करू नका, आजूबाजूचा कोड वाचा.

आमच्या थीमची, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याची, फंक्शन्स डॉट पीएचपी ही फाइल मी उघडली तेव्हा पहिल्या ओळीवर नुसता पीएचपीचा टॅग होता, पुढे रिकामं. मी खाली सरकणारच होतो पण एडिटरच्या तळाशी आडवा स्क्रोलबार दिसला आणि तो अगदी इवलासा होता. एंड की दाबली तर कर्सर कुठच्या कुठे उजवीकडे गेला, शेकडो स्पेस देऊन कोड पलीकडे ढकलून ठेवला होता. तेव्हापासून मी वर्ड रॅप, म्हणजे लांब ओळ मोडून खाली दाखवायची सोय, चालू केल्याशिवाय एकही फाइल वाचत नाही.

ती ओळ काढली, साइट साफ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ परत हजर. इथेच बहुतेक लोक अडकतात, कारण लिंक काढणं सोपं आहे, ती परत पेरणारा शोधणं हे खरं काम. आमचा पेरणारा डब्ल्यूपी-इन्क्लूड्स फोल्डरमध्ये होता, वर्डप्रेसच्या स्वतःच्या पोस्ट डॉट पीएचपीमध्ये एक जास्तीची ओळ आणि ती शेजारच्या एका परक्या फाइलला बोलवत होती. २०१७ साली पसरलेला डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर याच चालीचा, तो फुकट वाटलेल्या नल्ड, म्हणजे विकतच्या थीमच्या चोरट्या प्रतीतून येतो आणि त्याच हॉस्टिंग खात्यावरच्या बाकीच्या साइट्सनाही धरतो. आमचीही थीम तशीच फुकटातली निघाली, आधीच्या डिझायनरने टाकलेली.

त्यामुळे कोअर, म्हणजे वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइली एकेक दुरुस्त करत बसू नका. वर्डप्रेस कमांड लाइन असेल तर चेकसम तपासणी (फाइली मुळाशी जुळतात का ते बघणारी) चालवा, बदललेल्या आणि उपऱ्या फाइलींची यादी मिळते, नाहीतर सरळ डब्ल्यूपी-अॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स ही दोन्ही फोल्डरं काढून त्याच व्हर्जनची ताजी प्रत टाका. प्लगिन आणि थीमही मूळ जागेवरून नव्याने घ्या. अपलोड्समध्ये फोटो असतात, तिथे पीएचपी फाइल दिसली तर संशय घ्याच. एमयू-प्लगिन्स फोल्डर विसरू नका, त्यातलं आपोआप चालतं आणि डॅशबोर्डवरून बंद होत नाही. एचटीअॅक्सेस ही सर्व्हरच्या नियमांची फाइल आणि क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामंही बघा. फाइलच्या तारखेवर फार विसंबू नका, ती मागे ढकलता येते. पण खरी वाटणारी वेळ मिळाली तर लॉगमध्ये त्या मिनिटाला कोणत्या फाइलवर पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे बाहेरून माहिती पाठवणारी विनंती आली ते शोधा, दार बरेचदा तिथेच सापडतं.

नंतर युजर्सची यादी थेट डेटाबेसमधून तपासा, डॅशबोर्डवर लपवलेला अॅडमिन तिथे दिसतो. हॉस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, अॅडमिन सगळे पासवर्ड बदला, कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट की (लॉगिन टिकवणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदला म्हणजे आत बसलेला प्रत्येक जण बाहेर पडतो, आणि अॅप्लिकेशन पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या अॅप्सना दिलेले, रद्द करा, ते वेगळे राहतात. सर्च कन्सोलमध्ये कोणी अनोळखी मालक म्हणून जोडला गेलाय का तेही बघा, असेल तर त्याला काढा आणि त्याने सर्व्हरवर ठेवलेली व्हेरिफिकेशनची एचटीएमएल फाइलसुद्धा.

शेवटी सर्च कन्सोलच्या सिक्युरिटी इश्यूज किंवा मॅन्युअल अॅक्शन्समध्ये (गूगलने साइटवर केलेली कारवाई) नोंद असेल तर काय सापडलं आणि काय केलं ते स्पष्ट लिहून रिव्ह्यू मागा, खोट्या पानांना ४०४ (सापडलं नाही) किंवा ४१० (कायमचं काढलं) असं उत्तर जाऊ द्या. पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी चहाच्या वेळी तीच लाइव्ह टेस्ट चालवत होतो आणि भावाला एचटीएमएलमधल्या फूटरचा फोटो पाठवत होतो.