गावच्या जवानाचा स्मृतिफलक: आधी कागद, मग दगड

कोरलेलं खोडता येत नाही. त्यामुळे दगड घ्यायला जाण्याआधी मजकूर पक्का झालेला हवा.

घरच्यांकडे रेकॉर्ड ऑफिसचं (रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं) पत्र असतं. सेना क्रमांक, हुद्दा, पलटण, तारीख त्यावरूनच घ्या, चौकातल्या फ्लेक्सवरून नको. पत्र हरवलं असेल तर आपल्या सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, किंवा वीरपत्नी, वीरमाता यांच्या सहीने थेट रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. महायुद्धातला जवान असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (महायुद्धांत पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची) ऑनलाइन यादी आहे. तिथे आपली नावं साहेबाच्या कानाने लिहिलेली, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव यांवरूनही शोधा. शोधताना सोलापूरच्या इंग्रजी स्पेलिंगात एसनंतर एच घालायला विसरू नका, तेव्हा Sholapur असं लिहीत.

सर्वात जास्त चुका पदकात होतात. वीर चक्राचं परमवीर चक्र करू नका. शौर्य चक्र अशोक चक्राच्या मालिकेतलं, शत्रूसमोरच्या लढाईसाठी ते नसतं. १९९९ साली काश्मीरमध्ये पडलेला प्रत्येक जवान कारगिलचा नसतो. पत्रात ऑपरेशन रक्षक (काश्मीरमधली दहशतवादविरोधी मोहीम) असेल तर तेच लिहा.

विशेषणं कापा, त्याने काय केलं ते लिहा. उदाहरणार्थ, नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, इटली, १० जुलै १९४४, व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर). मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने गन बंद पाडली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. ‘शूर’ हा शब्द न लिहिताही कळतं.

दगड काळा ग्रॅनाइट घ्या. आपल्याकडे शहाबादी स्वस्त पडते, पण तिचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरांच्या कडा उडतात. चार बाय तीन फूट, २० मिलिमीटर जाडीची पाटी साधारण ६० किलो भरते, नुसत्या सिमेंटवर चिकटवू नका. मागे स्टीलच्या पिना आणि इपॉक्सी हवं. नावाचं अक्षर दोन इंच, बाकी मजकूर पाऊण इंच. मजकूर पीडीएफ करूनच द्या. मोबाईलवरून पाठवलेला मजकूर कारागिराच्या जुन्या फॉन्टमध्ये फुटतो, वेलांट्या सरकतात. स्टेन्सिलमधलं (दगडावर चिकटवायच्या, अक्षरं कापलेल्या पट्टीतलं) अनुस्वाराचं बारीक टिंब काढायचं राहिलं की ‘शिंदे’चा ‘शिदे’ होतो. म्हणून ब्लास्टिंगच्या (वाळूच्या माऱ्याने अक्षरं कोरण्याच्या) आधी स्टेन्सिल लावलेल्या पाटीचा फोटो मागवा, घरच्यांना एकेक अक्षर वाचायला लावा आणि प्रूफवर त्यांची सही घ्या. अशोकस्तंभ कोरू नका, राजमुद्रेच्या वापराला कायद्याची बंदी आहे.

ओट्याचा पाया काळ्या मातीत सोडलात तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर्षा-दोन वर्षांत ओटा तडकतो. मुरूम लागेपर्यंत खोदा. तोंड उत्तरेला ठेवा, पश्चिमेच्या उन्हात अक्षरांतला रंग लवकर उडतो. जागेसाठी ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आधी विचारा. अर्धपुतळा हवा असेल तर सरकारी परवानगीची वेगळी फाईल होते आणि ती लांबते.

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी हमखास ॲसिड घेऊन पाटी धुवायला येतं, त्याला अडवा. रंग आणि सांध्यातलं सिमेंट दोन्ही त्यात जातात. साधं पाणी आणि मऊ फडकं बास.