सबवूफरचा बेस फुसका येतोय? नवा ॲम्प घेण्याआधी या चुका टाळा

वीस हजारांचा नवा ॲम्प, म्हणजे सबला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, घ्यायला गिऱ्हाईक लगेच तयार होतं, पण डिक्कीतला गालिचा उचलून एक बोल्ट बघायला कुणी तयार नसतं. अंबडच्या आमच्या दुकानात ‘दादा, बेसच येत नाय’ म्हणत गाडी आली की मी ॲम्पकडे नंतर बघतो. आधी अर्थची, म्हणजे ॲम्पपासून गाडीच्या बॉडीला जाणारी वायर शोधतो.

ॲम्प बॅटरीतून जेवढा करंट ओढतो, तेवढाच करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जावा लागतो. आपल्याकडे बॅटरीपासून जाडजूड लाल वायर ओढतात आणि अर्थला मात्र हाताशी सापडलेला बारीक काळा तुकडा लावतात, तोही रंगावरच. रंगातून वीज जात नाही, हे सांगूनही पटत नाही. त्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात भिजणाऱ्या गाड्या. आज जेमतेम चालणारा जोड पावसाळा संपेपर्यंत गंजून जातो.

द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर पिंपळगाव बसवंतचा एक पोरगा हॅचबॅक घेऊन आला. 12 इंची सब, बरा ॲम्प. हळू आवाजात सगळं गोड. आवाज वाढवून नाशिक ढोल लावला की पहिले ठोके दणक्यात, मग ॲम्पचा दिवा लाल आणि सब मुका. आधीच्या फिटरने त्याला नवी बॅटरी घ्यायला लावली होती, मग कपॅसिटर गळ्यात मारला होता, आणि आता मोठ्या ॲम्पचा भाव पोराच्या खिशात होता. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर मात्र प्रत्येक ठोक्याला 10 च्या खाली. मग एक लांब वायर जोडून ॲम्पचं ग्राउंड (अर्थचं) टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधला फरक मोजला. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, इथे तीनच्या वर गेला. म्हणजे व्होल्ट अर्थच्या बाजूला गळत होते, लाल वायर बिचारी निर्दोष.

गालिचा उचलला तर थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) सीटच्या बोल्टखाली, त्याखाली कंपनीचा रंग, रंगावर डांबरासारखा थर आणि कडेने तांबूस गंज. थिंबलही पक्कडीने नुसतं चेपलेलं, ओढलं तसं वायर सोडून हातात आलं. पत्रा घासला, नवं थिंबल क्रिम्प केलं, वायर बदलली. त्याच ॲम्पवर, त्याच सबवर ढोल असा वाजला की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मान बाहेर काढली. यावर पोरगा काय म्हणाला? ‘भारी झालं दादा, पण तरी मोठा ॲम्प टाकायचा का?’

माझी पद्धत सांगतो. अर्थची वायर लाल वायरइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत. बॉडीचा जाड पत्रा पॉलिश पेपरने पांढरा लखलखीत होईपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर टाकून बोल्ट कसायचा, आणि जोड पक्का झाल्यावर वरून रंग मारायचा. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी कधीही सोडवू नका, तो जीव वाचवायला आहे. भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप कुठे आहे ते बघा. रील बघून ड्रिल हातात घेणारे नेमकं हेच विसरतात.

स्वस्त वायरिंग किटमध्ये बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की समजा. तीच वापरायची असेल तर एक साइज जाड घ्या. आणि लाल वायरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. यात ‘नंतर लावू’ नाही.

आता माझं दुसरं दुखणं, गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल येतो त्याच्याशी ॲम्प जुळवायला तो असतो. पण नवशिक्या पोरांना बटण दिसलं की शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. मग स्टिरिओ अर्ध्यावर असतानाच ॲम्प क्लिप होतो, लाटेचे शेंडे सपाट होतात, बेस भसभशीत होतो आणि सबमधली कॉइल तापत जाते. डिक्की उघडल्यावर जळका वास आला तर सब वॉरंटीत बदलून मागू नका, दुकानदारालाही नाक असतं.

मी गेन असा लावतो: बेस बूस्ट शून्यावर, इक्वलायझर सपाट, स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर, सबच्या वायरी ॲम्पमधून सोडवलेल्या. 50 हर्ट्झचा टोन लावायचा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. किती हवेत? वॉट गुणिले ओहम (सबचा रोध), त्याचं वर्गमूळ. 4 ओहमच्या सबला 250 वॉट द्यायचे तर 1000 चं वर्गमूळ, म्हणजे 31.6 व्होल्ट. गेन शून्यावरून हळूहळू वाढवत तिथे थांबायचं. ‘मी कानाने लावतो’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फाटलेला आवाज कानाला जास्त मोठा वाटतो, म्हणून तर ते फसतात.

वॉट कुठले धरायचे? आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारे. खोक्यावरचे ‘3000 वॉट’ विसरा. ॲम्पवरचे फ्यूज बघा. 30 अँपियरचा एकच फ्यूज असेल तर 14 व्होल्टला आतच 420 वॉट जातात, बाहेर त्याहून कमीच येणार.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

सब आणि दाराचे स्पीकर उलट फेजमध्ये असतील, म्हणजे एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर दोघं एकमेकांचा बेस खातात. सबच्या दोन वायरी अदलाबदल करा, ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका, ज्यात बेस भरीव वाटेल ते ठेवा. डिक्कीत डोकं घालून ठरवू नका.

लो पास फिल्टर (सबला फक्त खालचे सूर सोडणारा) स्टिरिओत किंवा ॲम्पवर, एकाच जागी लावा. 80 हर्ट्झपासून सुरुवात करा आणि दाराच्या स्पीकरना तिथूनच हाय पास (फक्त वरचे सूर सोडणारा) द्या.

दोन कॉइलचा 4+4 ओहमचा सब घेऊन एकच कॉइल जोडणारे महाभाग अजूनही भेटतात. दोन्ही पॅरलल जोडल्या तर 2 ओहम, सिरीज जोडल्या तर 8. ॲम्पला काय झेपतं ते त्याच्या माहितीपत्रकात बघून मग जोडा.

कंपनीच्या काही स्टिरिओंमध्ये आवाज वाढवला की बेस आपोआप कमी केला जातो. त्यात सबचा दोष नाही.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर आधी अर्थ तपासा, मग आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी) आणि लाल वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

बॉक्स. सुताराला डिक्कीचं माप देऊन बॉक्स बनवून घेतात, आणि सबच्या कागदावर किती घनफूट लिहिलंय ते कुणी वाचत नाही. 18 मिलिमीटरचा एमडीएफ घ्या, सांध्यांना आतून गोंद भरा. सीलबंद बॉक्स गळतोय का बघायचं तर गाणं चालू ठेवून सांध्यांजवळ अगरबत्ती फिरवा. ठोक्याबरोबर धूर हलला की फट तिथेच. ढोलाचा ठोका कोरडा, नेमका हवा असेल तर माझं मत सीलबंद बॉक्सला. घुमणारा बेस हवा असेल तर पोर्टवाला (हवेसाठी तोंड ठेवलेला) घ्या, पण सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे, ऐकू न येणारे सूर कापणारा) चालू ठेवा आणि पोर्टच्या तोंडाशी बॅगा रचू नका.

एवढं करूनही खडखड येत असेल तर बाहेर उतरून मागची नंबर प्लेट हाताने दाबून धरा. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवायला पाच मिनिटं लागतात.