पॅनेल स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायर जुळवताना

पॅनेल स्पीकर म्हणजे मोठ्या पातळ पडद्याने आवाज काढणारे सपाट स्पीकर. ते घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "किती वॅटचा अ‍ॅम्प लागेल?" हाच असतो. या स्पीकरांच्या बाबतीत नुसत्या वॅटच्या आकड्याने काही ठरत नाही. खोक्यावर ठळक छापलेला आकडा ८ ओहमच्या लोडवर (अ‍ॅम्पला जोडलेल्या रोधावर) मोजलेला असतो, आणि पॅनेलचा लोड क्वचितच तसा असतो. आपण ऐकतो त्या आवाजाला किती व्होल्ट लागतात आणि तेवढ्या व्होल्टला पॅनेल किती अँपिअर ओढतं, हे आधी काढावं. दोन्ही आकडे घरी, साध्या मल्टिमीटरने निघतात.

त्याआधी पॅनेल कोणत्या जातीचं आहे ते पाहा. मॅग्नेपॅनसारख्या प्लेनर-मॅग्नेटिक पॅनेलमध्ये मायलर या प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर तार किंवा पट्टी चिकटवलेली असते आणि तिला लागून चुंबकांच्या रांगा असतात. अ‍ॅम्पला हा लोड म्हणजे जवळजवळ ४ ओहमचा सरळ रेझिस्टन्स. वागायला सोपा, पण भूक मोठी. १.७आय या मॉडेलची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टला मिळणारा आवाज, ८६ डेसिबल दिलेली आहे, ती २.८३ व्होल्टला. ४ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, म्हणून एका वॅटला खरे ८३ डेसिबलच मिळतात. इथेच बरेच जण फसतात.

क्वाड किंवा मार्टिनलोगनसारख्या इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलचं उलटं आहे. ते मुळात एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) आहे, त्याच्या आधी व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. फ्रिक्वेन्सी चढेल तसा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) उतरत जातो. मार्टिनलोगनच्या इलेक्ट्रोमोशन ईएसएल (ईएसएल म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर) या मॉडेलवर नॉमिनल ६ ओहम लिहिलेलं असतं, पण २० किलोहर्ट्झला ते १.६ ओहमवर येतं. संगीतात त्या टोकाला ऊर्जा थोडीच असते, म्हणून ते निभावतं. मात्र अ‍ॅम्पची खरी परीक्षा तिथेच होते. शुद्ध रिबनची (धातूच्या पातळ पट्टीची) जुनी अपोजी सिंटिला तर १ ओहमपर्यंतची आहे. तिला आजचे बहुतेक इंटिग्रेटेड अ‍ॅम्प लावूच नयेत.

व्होल्ट मोजायची रीत

आधी एक सक्त सूचना. अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर खाली दिलंय तसे स्पीकर काढून मोकळा चालवू नका. लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याला स्पीकरच्या जागी ८ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा, ८ ओहमच्या टॅपवर (अ‍ॅम्पमागच्या त्या टर्मिनलवर).

ऑडॅसिटी या साउंड एडिटिंग प्रोग्रॅममध्ये १२० हर्ट्झचा साइन टोन बनवा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५ ठेवा. म्हणजे पूर्ण पातळीचा चौथा हिस्सा, उणे १२ डेसिबल. १२० हर्ट्झ यासाठी की स्वस्त मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं दाखवतात. आता आपण ऐकतो त्यातली सर्वांत भरगच्च रेकॉर्डिंग लावा, पखवाज असो वा ऑर्केस्ट्रा, आणि ज्याच्या पुढे कधी जात नाही तिथे व्हॉल्यूम न्या. नॉबची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा. अ‍ॅम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा, अ‍ॅम्प पुन्हा चालू करा आणि व्हॉल्यूम त्याच खुणेवर ठेवून टोन वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, प्रोब एका चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर. जो आकडा येईल त्याला ४ ने गुणा. त्या व्हॉल्यूमला अ‍ॅम्पकडून जास्तीत जास्त एवढे व्होल्ट मागितले जातात. टोन कंट्रोल किंवा रूम करेक्शन वापरत असाल तर तेही नेहमीसारखंच ठेवा, नाहीतर मोजमाप खोटं ठरतं.

समजा ४.२ व्होल्ट आले. चौपट केले की १६.८. ४ ओहमच्या पॅनेलवर १६.८ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ७० वॅट, आणि शिखराला ५.९ अँपिअर (मल्टिमीटर शिखर दाखवत नाही, शिखर त्याच्या सुमारे १.४ पट असतं). तेच १६.८ व्होल्ट ८ ओहमवर फक्त ३५ वॅट होतात. म्हणजे ८ ओहमला ५० वॅटचा पण ४ ओहमला खरोखर १०० देणारा अ‍ॅम्प या घराला पुरतो. मल्टिमीटरने ७ व्होल्ट दाखवले तर गणित २८ व्होल्टवर जातं, ४ ओहमला १९६ वॅट. तिथे ८ ओहमला १०० वॅटचा दमदार अ‍ॅम्पही काठावर येतो. व्हॉल्यूम थोडासा वाढवला की मागणी किती झपाट्याने चढते ते इथे कळतं. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट.

प्लेनर-मॅग्नेटिकसाठी अ‍ॅम्प

स्पेसिफिकेशनच्या पानावर ८ ओहम आणि ४ ओहम असे दोन्ही आकडे शोधा. ४ चा आकडा ८ च्या किमान दीडपट हवा, दुपटीजवळ असेल तर उत्तम. पॅरासाउंडच्या हॅलो ए २१ चे आकडे २५० आणि ४०० आहेत, तो एक चांगला नमुना. ८ ला १०० आणि ४ ला १२०–१३० असेल तर पॉवर सप्लाय किंवा हीटसिंक तोकडं आहे असं समजा. ४ ओहमचा आकडाच छापलेला नसेल तर तो अ‍ॅम्प सोडून द्या.

एव्ही रिसीव्हरने (होम थिएटरच्या अ‍ॅम्पने) मॅग्नेपॅन वाजतात, पण मध्यम आवाजापर्यंत. मागच्या बाजूचं किंवा मेन्यूतलं "४ ओहम" सेटिंग पाहून दिलासा वाटतो. बहुतेक रिसीव्हरमध्ये ते सप्लायचा व्होल्टेजच कमी करतं, जेणेकरून उष्णता आटोक्यात राहावी. म्हणजे नेमके जे व्होल्ट हवेत तेच जातात. रिसीव्हरला प्री-आउट (वेगळ्या पॉवर अ‍ॅम्पसाठीची सिग्नल जोडणी) असेल तर पुढच्या दोन चॅनेलला वेगळा पॉवर अ‍ॅम्प लावणं हा खरा उपाय. स्टिरिओ अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र एकाच स्पीकरला लावून, मोनो करायचा मोह टाळा. ब्रिज केल्यावर प्रत्येक अर्ध्या भागाला ४ ओहमचं पॅनेल २ ओहमचं दिसतं.

अ‍ॅम्प कमी पडतोय हे कसं ओळखायचं? आवाज वाढवताना तबल्याचा डग्गा फुगायचा थांबतो आणि वरच्या सुरांत किरकिर येते. हे क्लिपिंग, म्हणजे अ‍ॅम्पचे व्होल्ट संपून लाटेची टोकं कापली जाणं. त्यातला वरचा कचरा थेट ट्वीटरच्या पट्टीवर जातो आणि फ्यूज उडतो. फ्यूज त्याच रेटिंगचा आणि त्याच जातीचा घाला. मोठा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी पट्टी जाते, आणि ती दुरुस्ती इथे सहज होत नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी अ‍ॅम्प

इथे ताकदीपेक्षा स्थिरता पाहावी. कपॅसिटरचा लोड ऊर्जा साठवतो आणि परत फेकतो. ती उष्णता आउटपुट ट्रान्झिस्टरना सोसावी लागते. निर्मात्याने २ ओहमला स्थिर असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल तोच अ‍ॅम्प घ्या. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची गोडी या पॅनेलवर खरी खुलते, पण आउटपुट इम्पिडन्स विचारून घ्या. तो १ ओहम असला आणि पॅनेल १.६ वर उतरलं, तर टोकाची ट्रेबल ३ डेसिबलपर्यंत खाली येऊ शकते. झांज, तंबोऱ्याची जवारी थोडी मंद वाटू लागेल. ४ ओहमचा टॅप लावून पाहा, बऱ्याचदा तोच बरा ठरतो. क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा अ‍ॅम्प) घेत असाल तर आउटपुट फिल्टरच्या नंतरून फीडबॅक घेणारे, हायपेक्स एनकोर किंवा प्युरिफाय आयगनटॅक्ट मॉड्यूलवर बांधलेले घ्या. जुन्या पद्धतीच्या क्लास डीची ट्रेबल लोडनुसार बदलते.

जुन्या क्वाडला मात्र जास्त ताकद हीच धोक्याची. १९५७ चा पहिला ईएसएल ३३ व्होल्ट शिखरापर्यंतच सोसतो. ८ ओहमच्या हिशेबात हे सुमारे ६८ वॅटच्या अ‍ॅम्पचं पूर्ण शिखर झालं. १०० वॅटचा अ‍ॅम्प शिखराला ४० व्होल्ट देतो, आणि एकदा पॅनेलमध्ये ठिणगी पडली की पडद्याला भोक पडतं. त्याच्यासाठी क्वाडचा स्वतःचा अ‍ॅम्प १५ वॅटचा होता, हे लक्षात ठेवावं. नंतरच्या ईएसएल-६३ मध्ये संरक्षक सर्किट आहे. आत बायसचे (पडद्यावर चार्ज ठेवणारे) हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकतात, म्हणून मागची जाळी उघडायच्या फंदात पडू नका.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत अशा पॅनेलवर धूळ बसली की चार्ज गळतो: आवाज दबतो, बारीक फुटाण्यासारखी तडतड येते. अ‍ॅम्पला दोष देण्याआधी प्लग काढून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने बाहेरून धूळ ओढा आणि खोली एसी किंवा डीह्युमिडिफायरने कोरडी ठेवा.

वायर, सबवूफर, वीज

तीन मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. त्याहून लांब असेल तर ४ ची. दोन्ही तारा एकमेकींत पिळून न्या. इलेक्ट्रोस्टॅटिकला दूरदूर पसरलेल्या तारांचा इंडक्टन्स बाधतो. उलट बाजूला, वेणी घातलेल्या महागड्या केबलची कपॅसिटन्स इतकी जास्त असते की काही अ‍ॅम्प ऑसिलेट होतात, म्हणजे सिग्नल नसतानाही आपोआप कंप पावतात. गाणं बंद असताना हीटसिंक पोळायला लागलं तर पहिला संशय त्या केबलवर घ्या.

पॅनेल मागच्या भिंतीपासून तीनेक फूट तरी पुढे हवं. भिंतीला चिकटवलं की मागून निघणारा उलटा आवाज परावर्तित होऊन पुढच्यात मिसळतो आणि बास हरवतो. मग माणूस बासचा नॉब फिरवतो. ६ डेसिबल बास म्हणजे त्या भागात चौपट वॅट. त्यापेक्षा सबवूफर जोडा आणि पॅनेलच्या अ‍ॅम्पवरून खालचा भार काढा. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स ४७ किलोओहम असेल तर प्री आणि पॉवरच्या मध्ये, सिग्नलच्या तारेत, ०.०४७ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटर घाला. ७२ हर्ट्झखाली हळूहळू कापलं जातं. एवढ्याशा भागाने पॅनेलचा आणि अ‍ॅम्पचा श्वास मोकळा होतो.

मोठ्या टोरॉइडच्या (वलयाकार ट्रान्सफॉर्मरच्या) अ‍ॅम्पने चालू करताना एमसीबी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून त्या सर्किटवर सी कर्व्हचा (चालू करतानाचा झटका सोसणारा) एमसीबी बसवून घ्या आणि १६ अँपिअरचा सॉकेट वापरा. घरच्या छोट्या इन्व्हर्टरच्या लाइनवर तो अ‍ॅम्प ठेवू नका.

सेकंडहँड अ‍ॅम्प आणला तर स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. दहा मिनिटं तापू द्या आणि दोन्ही चॅनेल पाहा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त जोडा. ५० च्या वर असेल तर आधी दुरुस्तीला न्या, विशेषतः इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी, कारण स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला डीसी सोसत नाही. मग जोडून अर्धा तास ऐका आणि हीटसिंकवर तळहात ठेवा. पाच सेकंद टेकवता आला तर ठीक. त्याआधी उचलावा लागला तर अ‍ॅम्पभोवती मोकळी जागा वाढवा, आणि तरीही तेच असेल तर हा लोड त्याला झेपत नाही.